उंच टाचांचे जोडे आणि राजबंधू : फिलिप द ओर्लेआँ (१६४०–१७०१)

फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा धाकटा भाऊ फिलिप, ओर्लेआँचा ड्यूक, हा इतिहासग्रंथांपेक्षा आठवणीवजा वाङ्मयात अधिक ठळकपणे उरलेला पुरुष आहे. राजाच्या पाठच्या भावाला फ्रेंच दरबारात नुसते ‘मस्यो’ म्हणत. नाव घेण्याची गरज पडत नसे. या मस्योचे जे चित्र वाचकांच्या मनात रुजले आहे त्यात तीन-चारच रेषा ठसठशीत आहेत : बुटका बांधा, सुटलेले पोट, काठ्यांवर चढून चालावे इतक्या उंच टाचांचे जोडे, आणि स्त्रीप्रमाणे अंगभर अंगठ्या, कंकणे, रत्ने व फिती. हे चित्र मुख्यत्वे ड्यूक द सँ-सिमोँ याच्या लेखणीतून उतरले आहे. सँ-सिमोँचा जन्म १६७५ चा. मस्यो वारला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि आपल्या आठवणींना त्याने सलग रूप दिले ते त्यानंतर सुमारे चार दशकांनी. म्हणजे त्याने प्रत्यक्ष पाहिला तो पन्नाशी ओलांडलेला मस्यो. तरुणपणीचा फिलिप देखणा होता, तोफांच्या माऱ्यात खंदकात उभा राहिला होता आणि त्याने एक मोठी लढाई जिंकली होती, ही हकीकत सँ-सिमोँलाही ठाऊक होती. तथापि त्याची लेखणी रमली ती जोड्यांवर. पुढील चरित्रकारांना ते वर्णन इतके सोयीचे वाटले की जोडे राहिले आणि ते घालणारा माणूस मागे पडला.

या चरित्राकडे वळण्यापूर्वी जोड्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आजच्या वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव येथेच सर्वांत अधिक आहे. उंच टाच ही स्त्रीच्या पायांतली वस्तू, ही समजूत अलीकडची आहे. टाचेचा जोडा सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्याच्या आरंभी इराणी घोडेस्वारांच्या पादत्राणांवरून युरोपात आला, असे पादत्राणांच्या इतिहासाचे अभ्यासक मानतात. रिकिबीत पाय पक्का बसावा हा त्या टाचेचा मूळ उपयोग. युरोपात ती पुरुषांनी उचलली ती घोडेस्वारीचा आणि पर्यायाने उमरावीचा थाट म्हणून. स्त्रियांनी ती पुरुषांच्या अनुकरणाने घेतली. लुईच्या दरबारात तर लाल रंगाची टाच ही प्रतिष्ठेची खूण ठरली आणि पुढे ‘लाल टाच’ हा शब्दप्रयोगच दरबारी उमरावाला उद्देशून रूढ झाला. चित्रकार रिगो याने १७०१ मध्ये काढावयास घेतलेले लुईचे सुप्रसिद्ध चित्र पाहावे. त्रेसष्टीकडे झुकलेला राजा राजवस्त्र बाजूला सारून रेशमी पायमोज्यांतील पाय पुढे करून उभा आहे आणि त्याच्या जोड्यांना उंच लाल टाचा आहेत. त्या चित्रात कोणालाही बायकीपणा दिसला नाही. दिसले ते राजवैभव. याच वर्षी मस्योचा मृत्यू झाला. दोघे सख्खे भाऊ, दोघांच्याही पायांत टाचा. एकाच्या टाचांचे स्तोत्र झाले आणि दुसऱ्याच्या टाचांचा विनोद. हा फरक कोठून आला हे पाहावयाचे, तर फिलिपच्या जन्मापासूनच आरंभ केला पाहिजे.

फिलिपचा जन्म २१ सप्टेंबर १६४० रोजी सँ-जर्मँ-आँ-ले येथील राजवाड्यात झाला. थोरला लुई त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. १६४३ मध्ये तेरावा लुई वारला, चार वर्षांचा मुलगा गादीवर आला आणि राणीमाता आन व मंत्री माझारँ यांच्या हाती कारभार गेला. धाकट्या राजपुत्राचे काय करावयाचे, हा त्या काळी केवळ कौटुंबिक प्रश्न नव्हता. मृत राजाचा भाऊ गास्ताँ याने आयुष्यभर कटकारस्थाने केली होती, आणि १६४८ पासून पाच वर्षे चाललेल्या फ्राँद या बंडाळीतही त्याचा हात होता. राजाचा धाकटा भाऊ म्हणजे बंडखोरांना आयता मिळणारा झेंडा, हा धडा राणीमातेने अनुभवाने घेतला होता. दुसरा गास्ताँ घडू नये म्हणून फिलिपला हेतुपुरस्सर मुलीसारखे वाढवण्यात आले, असे मत या पार्श्वभूमीवर प्रचलित झाले.

या मताचा पुरस्कर्ता म्हणजे आबे द श्वाझी. हा गास्ताँच्याच एका बड्या अधिकाऱ्याचा मुलगा. त्याच्या आईने त्याला लहानपणी मुलीचा पोशाख घालून वाढवले होते, आणि छोटा राजपुत्र खेळावयास येई तेव्हा दोघांनाही मुलींचे कपडे व दागिने चढवले जात, असे त्याने उतारवयात लिहून ठेवले. त्यामागे माझारँची आज्ञा होती, असेही तो म्हणतो. येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. एक म्हणजे त्या काळी सर्वच मुलगे सहा-सात वर्षांचे होईपर्यंत झगे घालीत. लुईची बालपणीची चित्रेही झग्यातली आहेत. दुसरी म्हणजे अशा धोरणाचा पुरावा आठवणीकारांच्या कथनाबाहेर फारसा आढळत नाही. धाकट्याला अभ्यासात व राजकारणात पुढे येऊ दिले नाही, हे खरे. परंतु कोणी तरी झगा चढवला म्हणून त्याला झग्याची आवड लागली, ही कार्यकारणपरंपरा फारच सोपी आहे. श्वाझीला स्वतःच्या आवडीचे समर्थन हवे होते आणि त्यासाठी बालपण व माझारँ ही दोन्ही कारणे त्याला सोयीची होती. शिवाय, एकाच खेळघरात झगे घातलेल्या या दोघांच्या वाटा पुढे निराळ्या झाल्या. श्वाझीने पॅरिसच्या एका वस्तीत उघडपणे स्त्री म्हणून संसार थाटला, पण त्याचे मन जडत गेले ते स्त्रियांवरच. फिलिपचे प्रेम पुरुषांवर होते आणि स्त्रीवेश मात्र त्याने कोंडून ठेवला. पोशाखाची आवड आणि प्रेमाची दिशा या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे इतके नेमके उदाहरण त्या शतकात दुसरे क्वचितच सापडेल.

१६५८ मध्ये कॅले येथे लुई अचानक गंभीर आजारी पडला. काही दिवस राजा जगत नाही असेच वाटत होते आणि दरबाऱ्यांची पावले सतरा वर्षांच्या फिलिपच्या दालनाकडे वळू लागली. लुई बरा झाला. पण ती पावले कोणाकोणाची होती हे विसरले गेले नसावे. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत प्रांतांतून भटकून आलेल्या एका नाटक मंडळीला फिलिपने आपले नाव दिले. त्या मंडळीचा प्रमुख मोलियेर होय. २४ ऑक्टोबर १६५८ रोजी लूव्ह्रमध्ये राजासमोर मोलियेरचा जो प्रयोग झाला तो ‘मस्योची मंडळी’ म्हणून. मंडळीतील नटांना दरसाल तीनशे लिव्ह्र द्यावयाचे ठरले होते आणि ते कधीच मिळाले नाहीत, अशी नोंद ला ग्रांझ या नटाने आपल्या वहीत करून ठेवली आहे. आश्रयदात्याचा हात आखडता होता, हे खरे. तरीही पॅरिसमध्ये मोलियेरचा पाय प्रथम रोवला गेला तो याच नावाच्या आधारे. १६६१ चे एकोल दे मारी हे नाटक मोलियेरने त्यालाच अर्पण केले.

गास्ताँ १६६० मध्ये वारल्यावर ओर्लेआँची डची फिलिपकडे आली आणि पुढील वर्षी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची बहीण हेन्रिएट हिच्याशी त्याचा विवाह झाला. या विवाहाची कथा मादाम द ला फायेत हिने हेन्रिएटच्याच इच्छेवरून लिहिली आहे. प्रिन्सेस द क्लेव्ह लिहिणाऱ्या या लेखिकेची नजर सँ-सिमोँसारखी बोचरी नाही, म्हणून तिची साक्ष मोलाची. तिच्या लेखनातला तरुण फिलिप सुंदर आहे, पण ते सौंदर्य राजपुत्रापेक्षा राजकन्येला शोभावे असे. आणि स्त्रियांमध्ये वावरूनही कोणा स्त्रीवर त्याचे प्रेम बसेल असे तिला वाटत नाही. पत्नीविषयी तो विलक्षण मत्सरी मात्र होता. त्याला कारणही होते, कारण विवाहानंतर काही महिन्यांतच खुद्द राजाचे तिच्याभोवती रुंजी घालणे दरबारात चर्चेचा विषय झाले. फिलिपचे मन गुंतले ते शेवालिये द लोरेन या देखण्या व लोभी उमरावात, आणि ते जवळजवळ आयुष्यभर गुंतून राहिले. १६७० च्या जानेवारीत राजाने शेवालियेला अटक केली व पुढे इटलीत हद्दपार केले, तेव्हा राजाचा भाऊ दरबार सोडून आपल्या जहागिरीतील वाड्यात जाऊन बसला. त्याच वर्षी ३० जूनला हेन्रिएट सँ-क्लू येथे काही तासांच्या पोटदुखीने वारली. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. विषप्रयोगाचा बोलबाला झाला. इंग्लंडच्या प्रतिनिधींसमक्ष शवचिकित्सा झाली आणि विषाचा पुरावा मिळाला नाही. आधुनिक वैद्यकही पोटातील विकारच मानते. सँ-सिमोँने मात्र पाऊण शतकानंतरही विषाची कथा रंगवून सांगितली आहे. त्याची साक्ष किती घ्यावी, याचे हे एक मोजमाप होय.

फिलिपच्या स्त्रीवेशाविषयीची सर्वांत जवळची साक्ष पुन्हा श्वाझीचीच. स्वतः उघडपणे स्त्रीवेश मिरवणारा हा गृहस्थ सांगतो की मस्योलाही तसे करण्याची इच्छा होती, पण पदाच्या भीतीने तो धजत नसे. तो संध्याकाळी आपल्या दालनात स्त्रियांची झालरीची टोपी घाली, कानांत लोलक अडकवी, गालांवर त्या काळच्या प्रथेप्रमाणे काळे कृत्रिम तीळ चिकटवी आणि आरशासमोर स्वतःला न्याहाळीत बसे. वर्षातून एकदा, उपवासपर्व लागण्याच्या आधी, पाले-रोयाल येथे त्याचा नाच होई. अशाच एका नाचात त्याने प्रथम पुरुषवेशात फेर धरला, मग आत जाऊन स्त्रीवेश चढवला आणि मुखवटा घालून परत आला. शेवालिये द लोरेनने त्याचा हात धरला होता. मुखवट्याआड कोण आहे हे सर्वांनी ओळखले. तो मिन्युए नाचला, स्त्रियांच्या रांगेत जाऊन बसला, आणि मुखवटा काढण्यासाठी त्याला जरा आग्रह करावा लागला. वास्तविक कोणी तरी आपल्याला पाहावे हीच त्याची इच्छा होती. श्वाझीचे एकंदर लेखन बढाईखोर आहे आणि त्याच्या कालक्रमावर तर मुळीच विसंबता येत नाही. परंतु आग्रहाची वाट पाहणाऱ्या त्या क्षणाचे वर्णन ज्याने तो आनंद स्वतः भोगला आहे त्यालाच करता यावे असे आहे, आणि म्हणून ते स्वीकारावेसे वाटते.

मराठी अभ्यासकाला स्त्रीवेशातील पुरुष म्हटले की संगीत रंगभूमी आठवणे स्वाभाविक आहे. ती तुलना येथे फारशी उपयोगी पडत नाही. तेथे लुगडे हे भूमिकेचे वस्त्र होते, त्याला प्रेक्षकांची संमती होती आणि पडदा पडला की ते उतरत असे. फिलिपजवळ नाटक नव्हते. होती ती केवळ आवड, आणि वर्षातून एका रात्रीचा मुखवटा. राहिलेल्या दिवसांत त्या आवडीला पुरुषी पोशाखाच्या चौकटीतच जागा शोधावी लागली. टाच होतीच, ती आणखी उंच करता येत होती. फिती होत्याच, त्या आणखी लावता येत होत्या. अंगठ्या तर सर्वच घालीत. दरबाराने पुरुषाला जे जे दिले होते ते ते त्याने थोडे अधिक घेतले. सँ-सिमोँला खटकले ते हे अधिकपण.

१६७१ मध्ये त्याचा दुसरा विवाह पॅलॅटिनेटची राजकन्या एलिझाबेथ शार्लोट, म्हणजे लीझलोट, हिच्याशी झाला. ही जर्मन मुलगी धडधाकट, शिकारीची शौकीन, आरशाकडे पाठ फिरवणारी आणि बोलण्यात कमालीची परखड. तिने आपली मावशीवजा आत्या सोफी व इतर आप्तांना हजारो पत्रे लिहिली आणि त्यांतून मस्योचे घरगुती रूप दिसते. दागिन्यांची हौस पत्नीला नव्हती, ती पतीला होती. समारंभासाठी तिच्या अंगावर कोणते हिरे कसे लावावयाचे हे तोच ठरवी. तिला घोड्यावरची रपेट आवडे आणि त्याला तिचा कंटाळा. तीन अपत्यांनंतर दोघांनी परस्परसंमतीने शय्या वेगळ्या केल्या, आणि हे तिने सुटकेच्या सुरात नोंदवले आहे. त्याच्या मर्जीतील पुरुषांनी तिला छळले, तिचे पैसे उधळले, तिच्याविरुद्ध राजाचे कान भरले. तरीही पतीच्या साजशृंगाराविषयी लिहिताना तिच्या पत्रांत तिरस्कार क्वचितच येतो; राग आहे तो शेवालियेवर. फिलिप माणूस म्हणून दुष्ट नाही, दुबळा आहे, असा तिचा एकूण अभिप्राय दिसतो, आणि सर्व साक्षींत तोच अधिक समतोल मानावा लागेल.

हा दुबळेपणा रणांगणावर मात्र दिसला नाही. १६६७ च्या फ्लँडर्सच्या मोहिमेत तो खंदकांतून निर्धास्त हिंडला. १६७६ मध्ये बूशँचा किल्ला त्याने घेतला. पुढील वर्षी सँ-ओमेरला त्याचा वेढा पडला असता ऑरेंजचा विल्यम, जो पुढे इंग्लंडचा राजा झाला, सैन्य घेऊन वेढा उठवण्यास निघाला. ११ एप्रिल १६७७ रोजी कास्सेल येथे दोन्ही सैन्यांची गाठ पडली. लक्झेंबर्ग व ह्युमिएर हे दोन कसलेले सेनापती फिलिपच्या हाताखाली होते हे खरे. परंतु मधली फळी डळमळली तेव्हा तिला सावरून पुढे नेण्याचे काम त्याने स्वतः केले. विल्यमचा पूर्ण पराभव झाला आणि काही दिवसांत सँ-ओमेर पडले. मस्योला बंदुकीच्या गोळ्यांपेक्षा उन्हाने काळवंडण्याची आणि दारूच्या धुराची भीती अधिक वाटते, अशी सैनिकांत थट्टा होती. ती लीझलोटनेच नोंदवली आहे. थट्टेतही त्याच्या धैर्याची कबुली आहे. लोरेनसाठी रुसून बसणारा आणि गोळीबारात पुढे होणारा हे दोन पुरुष नव्हते, एकच होता, आणि त्या सैनिकांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

विसंगत वाटले ते राजाला. लुईने त्या वर्षी शहरे जिंकली होती, परंतु उघड्या मैदानावर समोरासमोरची लढाई जिंकण्याचा मान त्याच्या वाट्याला कधीच आला नव्हता. तो धाकट्याने मिळवला. पॅरिसमध्ये लोकांनी मस्योचा जयजयकार केला. समकालीनांनी त्याच वेळी ओळखले की आता मस्योला पुन्हा सैन्य मिळावयाचे नाही, आणि तसेच घडले. १६९३ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या रक्षणाचे काम त्याच्याकडे आले, पण तेथे लढाई झाली नाही. राज्याच्या मंत्रिमंडळात त्याला आधीपासूनच स्थान नव्हते. लुईने भावाच्या टाचांना, फितींना किंवा स्त्रीवेशातील नाचाला कधी बंदी केली नाही. शेवालियेलाही दोन वर्षांनी परत बोलावले गेले, कारण तो जवळ असला की मस्यो राजाच्या मुठीत राहतो हे कळून चुकले होते. बंदी आली ती विजयावर. येथे बालपणीच्या झग्याची कथा नव्याने तपासता येते. राजसत्तेने त्याच्यात ही आवड निर्माण केली, असे सिद्ध होत नाही. पण ती आढळल्यावर तिचा उपयोग करून घेतला, असे निश्चित म्हणता येते. नटूनथटून बसणारा भाऊ राजाला हवाच होता.

सेनापतिपद गेल्यावर फिलिपने आपली शक्ती घरादारावर खर्च केली. सँ-क्लूचा वाडा त्याने वाढवला, मिन्यारकडून तेथील दालने चितारून घेतली. चित्रे, रत्ने आणि चिनी भांडी जमवली. लुआर व सेन या नद्यांना जोडणाऱ्या ओर्लेआँ कालव्याचा परवाना त्याने १६७९ मध्ये मिळवला आणि १६९२ मध्ये तो कालवा वाहतुकीस खुला झाला. ओर्लेआँ घराण्याची पुढील श्रीमंती पुष्कळशी त्याच्या या व्यवहारी नजरेतून आली. उधळ्या, रिकामटेकड्या राजपुत्राच्या रूढ चित्रात हा कालवा बसत नाही, म्हणून बहुधा तो गाळला जातो.

१६९२ मध्येच राजाने आपल्या अनौरस कन्येशी फिलिपच्या मुलाचा, शार्त्रच्या ड्यूकचा, विवाह लावला. लीझलोटने भर दरबारात मुलाच्या थोबाडीत मारल्याचे सँ-सिमोँ सांगतो. फिलिपने मान तुकवली, पाले-रोयालचा वाडा पदरात पडला, आणि मुलाच्या उत्कर्षाची आश्वासने मिळाली. ती पाळली गेली नाहीत. मुलालाही बापाप्रमाणेच सैन्यापासून दूर ठेवण्यात आले. ८ जून १७०१ रोजी मार्ली येथे राजाने पुतण्याच्या वर्तनाची तक्रार केली, तेव्हा आयुष्यभर नमते घेणाऱ्या मस्योचा संयम सुटला. दोघा भावांचे आवाज बाहेरच्या दालनात ऐकू गेले. लालबुंद चेहऱ्याने तो जेवणास बसला, संध्याकाळी सँ-क्लूला परतला आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी पक्षाघाताने कोसळला. दुसऱ्या दिवशी, ९ जूनला, त्याचा अंत झाला.

मुलगा १७१५ पासून आठ वर्षे बालराजाच्या वतीने फ्रान्सचा कारभारी झाला. मुली स्पेन व सॅव्हॉय येथे दिल्या गेल्या होत्या आणि त्यांच्यापैकी एकीच्या वंशातूनच पंधरावा लुई आला. १८३० मध्ये गादीवर बसलेला लुई-फिलिप हाही याच घराण्यातला.

मस्योचे स्वतःचे लेखन मात्र जवळजवळ नाही. त्याच्या पेट्यांत मर्जीतल्या पुरुषांची पत्रे होती, अत्तराच्या वासाने घमघमणारी. ती परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून लीझलोटने त्याच्या मृत्यूनंतर लगेच, न वाचता, जाळून टाकली. त्या वासाने आपल्याला मळमळले, असे तिने आत्याला कळवले. सँ-दनी येथील त्याचे दफनस्थान १७९३ मध्ये इतर राजघराण्याबरोबर उकरले गेले. सँ-क्लूचा वाडा १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफांच्या आगीत भस्मसात झाला आणि पुढे त्याच्या भिंतीही पाडण्यात आल्या. बाग आणि कारंज्यांच्या पायऱ्या अद्याप आहेत.